धूसर चौकोनामागचं चित्र

रेडिओवर मला बोलावतात ते कवितेवर बोलायला. या वेळी मी विषय बदलून मागितला. कारण गेल्या वर्षभरात आमच्या केदारखेड्यात कवितेबद्दल मला जितक्या लोकांनी विचारलं, त्याच्या दसपट लोकांनी एकच प्रश्न विचारला आहे. "चाचा, फोटो येतोय, पण उघडंना. नुसतं गोल गोल फिरतंय. काय करावं?" मी साधा बी.ए. झालेला माणूस. यंत्राशी माझं नातं सायकलपुरतं. तरीही या प्रश्नाचं उत्तर मला शिकावं लागलं, आणि ते का शिकावं लागलं हे आधी सांगितलं पाहिजे.

मला मराठी शिकवणारे आमचे गुरुजी निवृत्तीनंतर मुलाकडं पुण्याला राहायला गेले. सत्तरी ओलांडल्यावर स्मार्टफोन शिकले. माझी एक कविता मी त्यांना पाठवली होती, गावातल्या जुन्या पाणवठ्यावरची. चार दिवसांनी त्यांचा व्हिडिओ आला. माझ्या फोनवर दिसला तो एक धूसर चौकोन आणि त्यावर खाली तोंड केलेला बाण. मी बाणावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, जागा नाही. म्हटलं, सवडीनं बघू. आणि रिकामं उत्तर जायला नको म्हणून मी हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं.

ती सवड अडीच महिने आली नाही. मग एका सकाळी गुरुजी गेल्याची बातमी आली. त्या रात्री मी फोन काढला, जागा मोकळी केली आणि बाणावर बोट ठेवलं. उत्तर आलं : हा व्हिडिओ आता उतरवता येत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. पाठवणाऱ्याला! वाचकहो, त्या एका ओळीनं मला या विषयाचा विद्यार्थी केलं. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक पोरगा माझा मास्तर झाला. त्याच्याकडून आणि पुढं स्वतः धडपडून जे कळलं, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की चित्राचा संदेश एकाच खेपेत येत नाही. दोन खेपांत येतो. पोस्टमन आधी चिठ्ठी आणून देतो, 'तुमचं पार्सल ऑफिसात आलंय, घेऊन जा.' मग आपण जाऊन पार्सल आणायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं हेच होतं. पाठवणाऱ्याच्या फोनवरून चित्र आधी कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चढतं. आपल्याकडं येते ती फक्त चिठ्ठी. तिच्यात पार्सलचा पत्ता असतो, कुलूप उघडायची किल्ली असते, आणि आत काय आहे याची पुसट झलक असते. ती पुसट झलक म्हणजेच तो धूसर चौकोन. किल्ली अशासाठी, की २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. मधल्या कुणाला, खुद्द कंपनीलाही, तो उघडून पाहता येत नाही.

म्हणजे धूसर चौकोन दिसला याचा अर्थ चिठ्ठी पोचली, पार्सल आणायचं राहिलं. आणि पार्सल ऑफिसात कायम ठेवत नाहीत. ज्याचा फोन बंद असेल, त्याच्यासाठी संदेश सर्व्हरवर तीस दिवस थांबतो, मग काढून टाकला जातो. चिठ्ठी आपल्या फोनवर पोचली, तरी पार्सल तिथं जन्मभर पडून राहत नाही. माझं घोडं पेंड खाल्लं ते इथंच.

आता दुसरा प्रश्न. "साधा मजकूर तर झटकन येतो, मग फोटोच का अडतो?" याचं उत्तर वजनात आहे. फोनमधलं वजन बाइटमध्ये मोजतात. देवनागरीतलं एक चिन्ह साधारण तीन बाइटचं. 'नमस्कार' हा शब्द काना आणि हलन्त धरून सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा नेहमीचा फोटो आकसून आला तरी दोन लाख बाइटच्या घरात असतो. नमस्काराच्या साडेनऊ हजार पट! दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ तर दीड कोट बाइटपर्यंत सहज जातो. पायवाटेनं माणूस निघून जातो, उसाचा ट्रॅक्टर जात नाही, तसंच हे.

म्हणून फोटो अडला, की सर्वांत आधी वाट पाहावी, फोन नाही. बहुतेकांच्या रिचार्जमध्ये रोजचा ठरावीक डेटा असतो. तो संपला की नेट बंद पडत नाही, पण वेग फार खाली येतो. बऱ्याच योजनांत तो सेकंदाला चौसष्ट किलोबिट, म्हणजे आठ हजार बाइट, इतका होतो. या वेगानं 'नमस्कार' क्षणात येईल, फोटोला पंचवीस सेकंद लागतील, आणि दीड कोट बाइटच्या व्हिडिओला अर्ध्या तासाहून जास्त. आपण दोन मिनिटांत कंटाळतो आणि म्हणतो फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो, दिवसाचा कोटा संपलेला असतो. रात्री बारानंतर तो पुन्हा भरतो. पहाटे उठून बघा, कालचे अडलेले फोटो मुकाट्यानं उतरतात.

कोटा शिल्लक असेल तर फोनच्या वरच्या पट्टीकडं बघावं. तिथं ४जी किंवा ५जी असेल तर ठीक. इंग्रजी ई किंवा एच हे अक्षर दिसत असेल, तर फोन जुन्या, अरुंद रस्त्यावर उतरला आहे. जाड भिंतीच्या घरात, पत्र्याखाली, शेतात, टॉवरपासून लांब हे हमखास होतं. अशा वेळी मोकळ्यावर किंवा गच्चीवर जावं. विमानाचं चित्र असलेलं बटण चालू करून दहा सेकंदांनी बंद करावं. त्यानं फोन टॉवरशी नव्यानं ओळख करून घेतो. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं. नाहीच भागलं, तर फोन एकदा बंद करून चालू करावा.

वाट ठीक असेल तर मग दार बघायचं. तिसरं कारण म्हणजे भरलेला फोन. माझं हेच कारण होतं. आपल्याकडं हा रोग इतका पसरलेला, की २०१८ साली त्याची बातमी परदेशी वर्तमानपत्रांत झाली. भारतातले फोन सारखे का भरतात, याचा शोध गूगलच्या मंडळींनी घेतला तेव्हा त्यांना सापडलं ते आपलं 'गुड मॉर्निंग'! उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, त्यावर सुविचार. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये ईदच्या चंद्राचे आणि दिवाळीच्या पणत्यांचे मिळून शेकडो फोटो निघाले. शुभेच्छा देणाऱ्यांचं प्रेम खरं, पण त्या प्रेमानं गुरुजींना दारात उभं केलं होतं.

उपाय सोपा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' असं सापडतं. तिथं कोणत्या माणसाच्या, कोणत्या ग्रुपच्या नावावर किती जागा गेली याची उतरती यादीच असते. सर्वांत वर बहुधा एखादा ग्रुप असतो. त्यातले मोठे व्हिडिओ निवडून काढावेत. मात्र डोळे झाकून 'सगळं निवडा' करू नये. सातबाऱ्याचा फोटो, मुलांच्या मार्कशीट, आजारपणाचे रिपोर्ट त्याच ढिगाऱ्यात असतात. ते आधी वेगळे ठेवावेत. फोनमध्ये एक-दोन जीबी जागा नेहमी मोकळी राहील असं पाहावं. पोत्याचं तोंड शिवायलाही थोडी जागा लागतेच की.

चौथं कारण : आपणच कधी तरी दिलेला हुकूम. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' अशी जागा आहे. मोबाइल डेटावर काय आपोआप उतरवायचं, वायफायवर काय, आणि रोमिंगमध्ये काय, हे तिथं वेगवेगळं ठरवता येतं. मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरत नसेल, तर तो बिघाड नाही, बचत आहे. बाण दाबला की उतरतो. याशिवाय फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा सेव्हर' आणि 'बॅटरी सेव्हर' असतात. ती चालू असतील तर अ‍ॅप उघडल्याखेरीज काही उतरत नाही. कुणी पोरानं गंमत म्हणून चालू केली असतील तर बंद करावीत, किंवा व्हॉट्सअ‍ॅपपुरती सूट द्यावी. फोटो आणि फाइली वापरायची परवानगी अ‍ॅपला आहे का, हेही फोनच्या सेटिंगमध्ये बघावं. परवानगी नसेल तर आलेलं पार्सल ठेवायला त्याला घरात जागाच नसते.

पाचवं कारण ऐकून मी हसलो होतो. तारीख! फोनचं घड्याळ चुकलं तर फोटो येत नाहीत. गंमत वाटते, पण त्यामागं तर्क आहे. सर्व्हरशी बोलताना फोन त्याचं ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्राला मुदत असते. तुमच्या फोनमध्ये चुकून दोन वर्षांपूर्वीची तारीख पडली असेल, तर फोनच्या लेखी ते ओळखपत्र अजून लागूच झालेलं नाही. मग तो दार उघडत नाही. बॅटरी पार उतरून फोन बंद पडला, की काही जुन्या फोनमध्ये असं होतं. तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवावी, म्हणजे मिटलं.

सहावं कारण म्हणजे वय. माणसाचं नव्हे, अ‍ॅपचं. जुनं व्हॉट्सअ‍ॅप प्ले स्टोअरमध्ये जाऊन अद्ययावत करावं लागतं. फोनच फार जुना असेल तर तेही होत नाही. २०२५ च्या जानेवारीपासून अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. तिथं दुरुस्तीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

काही वेळा फोटो आलेला असतो, पण दिसत नाही. "गॅलरीत नाही" अशी तक्रार असते. चॅटमध्ये उघडतो आणि गॅलरीत दिसत नाही, असं असेल तर 'मीडिया व्हिजिबिलिटी' नावाचं बटण बंद आहे एवढंच. काही फोटो मुद्दाम एकदाच दिसावेत म्हणून पाठवलेले असतात. २०२१ पासून अशी सोय आहे. तो फोटो एकदा बघून मिटला की संपला. आणि काही चॅटमध्ये संदेश ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था केलेली असते. या दोन्हींत दोष कुणाचाच नसतो.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून साध्या मेसेजच्या डब्यात फोटो येतो त्याचं गणित वेगळं. त्याला एमएमएस म्हणतात. मोबाइलवरून फोटो पाठवायचा पहिला गाजलेला प्रयोग ११ जून १९९७ चा. अमेरिकेत फिलिप कान नावाच्या गृहस्थांनी दवाखान्यात बसून आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो फोनला कॅमेरा जोडून पाठवला. पुढं २००२ मध्ये नॉर्वेत एमएमएसची सेवा सुरू झाली. आपल्याकडंही ती आली, पण एका फोटोला मोजावे लागणारे पैसे आणि मागवून घ्याव्या लागणाऱ्या सेटिंग यांमुळं फारशी रुळली नाही. परदेशातले नातेवाईक कधी कधी अजून त्या वाटेनं फोटो पाठवतात. तो उतरायला बहुधा मोबाइल डेटाच चालू लागतो. घरात वायफाय आहे म्हणून डेटा बंद ठेवला, तर तो अडून राहतो. शिवाय फोनमध्ये एपीएन नावाची सेटिंग बरोबर असावी लागते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला तर ती पुन्हा पाठवतात. यापेक्षा नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलनं पाठवायला सांगणं केव्हाही सोपं.

आता दोन इशारे. फोटो येत नाही म्हणून कुणी सांगितलं, 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका', तर लगेच काढू नका. आधी बॅकअप घ्या. बॅकअप न घेता अ‍ॅप काढलं, की जुन्या गप्पा त्याबरोबर जातात. दुसरा इशारा जास्त गंभीर. सगळंच उघडायचं नसतं. २०२४ साली लग्नपत्रिकेच्या नावानं फाइली येऊ लागल्या. नाव पत्रिकेचं, पण शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं. ते चित्र नसतं, तो कार्यक्रम असतो. फोनमध्ये शिरून बँकेचे निरोप वाचतो. फोटो किंवा व्हिडिओ बघायला कधीही नवं अ‍ॅप टाकावं लागत नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं सांगतोय, कारण खेड्यात फोटो आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. कपाशीच्या बोंडात अळी दिसली की शेतकरी फोटो काढून जाणत्याला विचारतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतातल्या पिकाची नोंदही फोनवरून फोटो काढून होते. दवाखान्याचा रिपोर्ट छत्रपती संभाजीनगरहून फोटोतूनच येतो. तो फोटो वेळेवर उघडला नाही, तर फवारणी चुकते, औषध चुकते. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त ४जी आलं आणि दोन-तीन वर्षांत गावोगाव स्मार्टफोन झाले. फोन आले, पण तो चालवायचा कसा हे शिकवणारी शाळा काही आली नाही. म्हाताऱ्यांना नातवंडं शिकवतात, तीही घाईत. "द्या इकडं," म्हणतात, चार ठिकाणी बोटं मारतात आणि फोन परत देतात. काम होतं, पण शिकवणं होत नाही. माझी पोरांना विनंती आहे, फोन आजीच्या हातातच राहू द्या आणि बोट तिचंच वापरा.

राहिली गुरुजींची गोष्ट. दुकानातल्या पोरानं मला सातवं कारण सांगितलं होतं, आणि आशेला जागा तिथंच होती. सर्व्हरवरून पार्सल गेलं तरी पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मूळ प्रत असते. त्यानं ती पुसली नसेल तर पुन्हा पाठवता येते. दुःखाच्या घरात फोन करून व्हिडिओ कसा मागायचा? पंधरा दिवस मी गप्प राहिलो. शेवटी गुरुजींच्या सूनबाईंना भीतभीत फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं आज विचारलंत. बाबांचा फोन उद्या रिकामा करून मुलाला देणार होतो." त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ आला. या खेपेला मी तो तिथल्या तिथं उतरवून घेतला.

एक मिनिट चाळीस सेकंद. खिडकीजवळ खुर्चीत बसलेले गुरुजी, हातात माझी कविता, कागदावर स्वतः उतरवून घेतलेली. त्यांनी ती वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "कविता चांगली आहे. पण तू विहीर लिहिलंस. ती विहीर नव्हे रे, बारव. तिला पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर बसून तू पाठांतर करायचास. विहिरीला तू बसणार कुठं? बदलशील का? कळव मला."

कळव मला. आणि मी कळवलं काय होतं? जोडलेले हात. त्यांच्या फोनवर निळ्या दोन खुणाही उमटल्या असणार, कारण संदेश डोळ्यांखालून गेला की त्या खुणा उमटतात, व्हिडिओ उतरवलेला नसला तरी. म्हणजे त्यांच्या लेखी मी ते पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि प्रश्नाला उत्तर न देता हात जोडून मोकळा झालो होतो. अडीच महिन्यांत ते पुन्हा काही बोलले नाहीत. विद्यार्थी मोठा झाला, त्याला आता दुरुस्ती नको असेल, असं त्यांना वाटलं असेल का? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. सूनबाईंनी सांगितलं तेवढं खरं मानून मी राहतो. त्या म्हणाल्या, ते तुमची कविता आल्या-गेल्याला वाचून दाखवत होते.

कवितेत आता बारव आहे.

तुमच्याकडं मागणं एवढंच. आज रविवार आहे, सवड आहे. फोन उघडून मागं मागं जा. कुठं एखादा धूसर चौकोन बाण घेऊन तसाच थांबलेला असेल. तो उतरवून बघा. उतरत नसेल तर पाठवणाऱ्याला फोन करा आणि म्हणा, "पुन्हा पाठवा, मी पाहिलं नव्हतं." यात कमीपणा काही नाही. आणि न पाहिलेल्याला हात जोडू नका.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)